झिंदाबादचं व्याकरण

मराठीत मंत्री घोषणा करतात आणि लोक घोषणा देतात. शब्द एकच, क्रियापदं दोन. मंत्र्यांनी केलेल्या घोषणेत पॅकेज असतं, तलाव असतो, उड्डाणपूल असतो. लोकांनी दिलेल्या घोषणेत त्या पॅकेजची, तलावाची आणि उड्डाणपुलाची आठवण असते. आधी ते करतात, मग आपण देतो. आपण दिल्या की ते पुन्हा करतात. या देवघेवीत एखादे वेळी कुणाच्या हातात खरंच काही पडलं, तर तो पूर्वजन्मीच्या पुण्याईचा भाग समजावा.

एरवी 'देणे' हे क्रियापद मराठी माणूस फार जपून वापरतो. उसने पैसे देताना तो दहा वेळा विचार करतो, मुलगी देताना तीन पिढ्यांची चौकशी करतो, आणि शब्द देण्याची वेळ आली तर 'बघू, जमलं तर' असं म्हणून तो देतच नाही. कारण शब्द दिला की पाळावा लागतो. घोषणा मात्र हाच माणूस भर चौकात, कुणालाही, मागेपुढे न पाहता देऊन टाकतो. घोषणा दिल्यावर घसा तेवढा धरतो, आणि त्यावर खडीसाखर आहेच. आता मला सांगा, घोषणा शेवटी शब्दांचीच करतात ना? मग एक शब्द दिला तर माणूस जन्मभर बांधला जातो आणि चार शब्द ओरडून दिले तर मोकळाच राहतो, हा काय न्याय झाला?

हा प्रश्न खरं म्हणजे एखाद्या तत्त्वज्ञानं सोडवायचा. पण माढ्यात तत्त्वज्ञ मिळत नाही. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझ्याजवळ हत्यार एकच, व्याकरण. न्हाव्याला जग केसांचं दिसतं, तसं मला ते कर्ता, कर्म आणि क्रियापदाचं दिसतं.

माढा म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रावरंभा निंबाळकरांची गढी, माढेश्वरीचं देऊळ, जवळून जाणारी रेल्वे आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली माणसं. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली आणि माढा नावाचा लोकसभा मतदारसंघ जन्माला आला. पहिल्याच निवडणुकीत, २००९ साली, शरद पवार इथून उभे राहिले आणि निवडूनही आले. तोवर बाहेरगावी 'माढ्याचा' म्हटलं की 'म्हाडाचा का? घर मिळेल का एखादं?' असं विचारणारे लोक एकदम 'काय म्हणतोय माढा?' असं विचारायला लागले. माढा काय म्हणणार? माढा घोषणा देत होता.

त्या काळापासून आमच्याकडे एका गृहस्थाला फार मागणी आहे. माझाच एके काळचा विद्यार्थी. वाक्यपृथक्करणाशी त्याचं कधी जमलं नाही, पण देवानं गळा असा दिला आहे की लाऊडस्पीकरवाल्यांनी त्याच्यावर दावा लावावा. कुठल्याही पक्षाची फेरी असो, घोषणा सुरू करायला हाच. एकदा सकाळी त्याला एका साहेबांचा विजय असो म्हणताना ऐकलं आणि संध्याकाळी त्या साहेबांच्या विरोधकांचा. मी त्याला थांबवून विचारलं,

"काय रे, नक्की विजय कुणाचा व्हावा असं वाटतंय तुला?"

"सर, गळा माजा हाय. मजकूर त्येंचा."

"अरे, पण काही जबाबदारी?"

"ती माजी कशी ओ? म्या निस्तं नाव पुकारतो. जबाब द्यायला म्होरं दोनशे मानसं हायती की!"

मी रस्त्यात उभाच राहिलो. तेहतीस वर्षं फळ्यावर वाक्यं फोडली, पण इतकं स्वच्छ पृथक्करण मला कधी जमलं नाही. बघा तुम्ही. तो म्हणतो, 'अमुक साहेबांचा...' लोक म्हणतात, 'विजय असो!' तो म्हणतो, 'तमुक सरकार...' लोक म्हणतात, 'मुर्दाबाद!' म्हणजे एका वाक्याचे दोन तुकडे. नाव तो घेणार, विधान आपण करणार. नुसतं नाव घेणं हा काही गुन्हा नाही. हजेरी घेतानाही नाव घेतातच. वाक्य पुरं केलं ते आपण. शिवाय 'जबाबदारी' या शब्दातच जबाब आहे. जो जबाब देतो तो जबाबदार. घोषणा सुरू करणारा मोकळा, आणि मागून 'विजय असो' म्हणणारी दोनशे माणसं बांधलेली. हे त्या दोनशेंना कुणी सांगितलेलं नसतं, कारण सांगायला गेलं तर गोंगाटात ऐकू येत नाही.

तेव्हापासून घोषणा कानावर पडली की मी मनातल्या मनात तिचं पृथक्करण करायला लागलो, आणि असं दिसलं की बहुतेक घोषणांमध्ये वाक्याचा नेमका महत्त्वाचा अवयव गळालेला असतो.

'कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही!' ही तर मोर्चांची आरतीच. यात कर्मच नाही. देणार काय आणि घेणार काय? घोषणा सांगत नाही. म्हणूनच ती बोनसला चालते, महागाई भत्त्याला चालते, उसाच्या दराला चालते आणि उजनीच्या पाण्यालाही चालते. एकच कोट साऱ्या गावातल्या नवरदेवांनी घालावा, तशी ही घोषणा. कोट कुणाच्याच मापाचा नसतो, पण फोटोत बरा दिसतो.

'गरिबी हटाओ' या १९७१ च्या घोषणेत कर्ता नाही. लोकांनी ऐकलं असं की इंदिराजी गरिबी हटवणार. भरभरून मतं दिली. पण 'हटाओ' हे आज्ञार्थी रूप आहे! विरोधक म्हणतात 'इंदिरा हटाओ', मी म्हणते 'गरिबी हटाओ', असं त्या सभांमधून सांगत. म्हणजे व्याकरणदृष्ट्या पाहिलं तर ती सरकारनं जनतेला सोडलेली आज्ञा होती. ज्याला वचन समजून आपण टाळ्या वाजवल्या, तो हुकूम निघाला. गरिबी अजून का आहे याचं उत्तर अर्थशास्त्रात शोधणाऱ्यांनी एकदा व्याकरणातही डोकावावं.

'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का,' आणि मग अमुक चिन्हावर 'मारा शिक्का!' इथे कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापदं तर दोन आहेत. मग बिघडलं कुठं? बिघडलं ते क्रमात. ताईनं विचार करायचा, तोही पक्का. पण त्या विचाराचं उत्तर तिला पुढच्याच चरणात तयार मिळतं. आमच्या वेळी गणिताच्या पुस्तकात उत्तरं निदान शेवटच्या पानावर असत. पुढे २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्या देशात मतदान यंत्रं आली आणि शिक्का मारणं संपलं. तरी प्रचाराच्या रिक्षातून ताई-माई-अक्का शिक्का मारतच आहेत, कारण 'अक्का'शी 'बटण' जुळत नाही. वास्तव आणि यमक यांचं भांडण झालं तर आपण कुणाच्या बाजूनं उभे राहतो, हे एवढ्यावरून समजावं.

याला मोठा अपवाद मी 'च'चा करतो. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' या घोषणेतला तो च. त्याची एवढी काय गरज आहे, असं यशवंतराव चव्हाणांनी विचारलं, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यांना स्वतःच्या आडनावातला च काढून उरतं काय ते बघायला सांगितलं, असा किस्सा महाराष्ट्र आजही चवीनं सांगतो. हसून झाल्यावर मात्र आठवावं की त्या एका अक्षरापायी शंभरावर माणसांनी प्राण दिले आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणीचा च तेवढा राहिला. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला. असा च उच्चारणाऱ्याला महाग पडतो. तो फुकट ओरडता येत नाही.

च ची दुसरी जागा म्हणजे एसटी. 'वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन!' जाहिरातीच्या साऱ्या इतिहासात इतकी प्रामाणिक घोषणा मी दुसरी पाहिलेली नाही. वाट पाहावी लागेल, हे विक्रेता पहिल्याच शब्दात सांगून मोकळा होतो. साबणवाल्यानं कधी 'फेस कमी येईल, पण याच साबणानं न्हाईन' म्हटल्याचं ऐकलं आहे? पण यातली खरी गंमत 'पाहीन' आणि 'जाईन' या प्रथमपुरुषी रूपांत आहे. घोषणा गाडीच्या मालकाची, पण तिच्यातला 'मी' म्हणजे तुम्ही! राजकारणात निदान अर्धं वाक्य तरी आपल्याला स्वतः ओरडावं लागतं. जाहिरातीत तेवढेही कष्ट नाहीत. आपली शपथ दुसराच कुणी आपल्या वतीनं घेऊन टाकतो. १९८९ साली टीव्हीवर 'हमारा बजाज' आलं, तेव्हा माझ्या ओळखीतली सायकल वापरणारी माणसंसुद्धा ते 'हमारा' अभिमानानं गुणगुणत होती. त्याआधीच्या काळात या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. स्कूटर मिळायची तेव्हा मिळो, षष्ठी विभक्ती ताबडतोब मिळाली.

उलट 'दो बूँद ज़िंदगी की' पाहा. पोलिओच्या लसीची घोषणा. किती थेंब? दोन. कशाचे? आयुष्याचे. बूथवर गेलात तर मोजून दोनच थेंब बाळाच्या जिभेवर पडायचे. जितकं बोलले तितकंच दिलं. २०१४ च्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. जाहिरात म्हटली की ती खोटीच, असं मानणाऱ्यांनी हे दोन थेंब लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि आता आमच्या मतदारसंघानं महाराष्ट्राला दिलेलं वाक्य. सांगोला हा माढा लोकसभेतलाच विधानसभा मतदारसंघ. तिथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! पुढे सगळं ओक्के असल्याचा निर्वाळा. ते संभाषण फुटलं आणि आठवडाभरात त्याची गाणी झाली, शर्टांवर छपाई झाली. या वाक्यात क्रियापद शोधून सापडायचं नाही. तरी ते तोंडोतोंडी का झालं? मला विचाराल तर, त्या साऱ्या राजकारणात सभेसाठी न बोललेलं, आपल्या माणसाला साध्या आवाजात सांगितलेलं तेवढं एकच वाक्य लोकांच्या कानावर आलं. दोनच महिन्यांत विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी त्याच 'ओके'ला 'पन्नास खोके' जोडले. आरोप खरा की खोटा याचा निकाल यमकानं लागत नाही. पण यमक जुळल्यावर निकालाची वाट पाहायला थांबतो कोण?

इतका वेळ मी थट्टा केली. पण घोषणांच्या वाटेनं माणसं फासावरही गेली आहेत. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा मौलाना हसरत मोहानींची, १९२१ सालची. भगतसिंगांनी ती घराघरात नेली. १९३० च्या मे महिन्यात आमच्या सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. त्या काळात 'झिंदाबाद' म्हणणाऱ्याला ठाऊक असे की उद्या याचा जबाब द्यायला एकट्यालाच उभं राहावं लागेल, मागे दोनशे माणसं नसतील. आज तीच चार अक्षरं फेरीनंतरच्या पुरी-भाजीच्या भरवशावर निघतात. शब्द तेच, दाणे मात्र कुणी काढून नेले.

मग घोषणा द्यायचीच नाही का? असं मी म्हणणार नाही, कारण मला १९७२ चा दुष्काळ आठवतो. आदल्याच वर्षी गरिबी हटवण्याचा हुकूम सुटला होता आणि या वर्षी सोलापूर जिल्ह्यात विहिरींचे तळ दिसत होते. चांगली खातीपिती बागायतदार माणसं खडी फोडायला बसली. रेशनवर लाल मिलो आला, कामावर सुकडी मिळू लागली. त्या होरपळीतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. तिचं घोषवाक्य तीन शब्दांचं: 'मागेल त्याला काम.'

व्याकरणाच्या दृष्टीनं हीसुद्धा लंगडीच. 'देऊ' कुठं आहे? देणारा कोण? पण या घोषणेचा उरलेला भाग यमकानं पुरा केला नाही, कायद्यानं केला. १९७७ साली विधिमंडळानं कायदा मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि त्यात लिहिलं होतं की मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल. म्हणजे घोषणेखाली सही आली! दिलेला शब्द मोडला तर दंड भरण्याची तयारी आली. अंमलबजावणीत खोट्या हजेऱ्या झाल्या, मजुरी रखडली, लोकांनी मोर्चे काढले. पण त्या मोर्च्यांना 'कोण म्हणतो देणार नाही' असं अंधारात ओरडावं लागलं नाही. कायद्याचं कलम दाखवून भांडता आलं. पुढे २००५ साली देशानंही याच वाटेनं जाऊन रोजगार हमीचा कायदा केला.

दुसरी आठवण अलीकडची. २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्टला तेव्हाच्या औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला, आणि पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत, सोलापूरलाही. लाखो माणसं, पुढे मुली, आणि आवाज नाही. 'एक मराठा, लाख मराठा' हे शब्द झेंड्यांवर आणि सदऱ्यांवर होते, ओठांवर नव्हते. आमचा गळेवाला विद्यार्थीही सोलापूरला गेला होता. परत आल्यावर भेटला.

"सर, पयल्यांदाच मोर्चातनं घसा न धरता आलो."

"मग बरं वाटलं असेल."

"कशाचं! रातभर झोप न्हाई. वरडलं की बाहीर पडून जातंय ओ. न वरडता आनलं, ते आतच ऱ्हायलं."

परीक्षेत त्याला मी जे गुण दिले, ते आता वाढवता येत नाहीत.

त्याच्या या बोलण्यावरून मला आमच्याच तालुक्यातलं अरण आठवलं. संत सावता माळ्यांचं गाव. पंढरपूर इतकं जवळ, की वाऱ्यावर तिथला गजर ऐकू यावा. पण सावतोबांनी मळा सोडला नाही. खुरपणं, पाणी देणं हीच त्यांची वारी. आणि परंपरा अशी, की विठ्ठलाची पालखीच पंढरपुराहून त्यांच्या भेटीला अरणला येते. गजर करणाऱ्यांच्या गावाला देव राहतो, आणि काम करणाऱ्याच्या गावाला तो भेटायला जातो! अर्थात सगळ्यांनाच सावता होणं जमायचं नाही. पाणी सुटलं नाही तर तहसील कचेरीवर जावंच लागतं, आणि तिथं गप्प बसून पाटाला पाणी येत नाही.

म्हणून मी एक साधी कसोटी काढली आहे. मोर्चाला किंवा प्रचाराला निघण्याआधी ती घोषणा घरात, एकट्यानं, साध्या आवाजात, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पुरी म्हणून पाहायची. समोर घरचं माणूस असावं. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणता आली, तर चौकात खुशाल बेंबीच्या देठापासून ओरडावं.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी हा प्रयोग केला. आमची मंडळी दुसऱ्या दिवशीच्या चटणीची तयारी करत बसल्या होत्या. मी शांतपणे म्हणालो, "अमुक साहेबांचा विजय असो."

"कशासाठी?" मान वर न करता प्रश्न आला.

मी दुसरी घेतली. "कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही."

"काय पाहिजे ते नीट सांगा की. पाणी का?"

"ताई, माई, अक्का..."

"शिक्का कुठं राहिलाय आता?"

तीन घोषणा तीन प्रश्नांत आडव्या झाल्या. शेवटी मी मोठ्या आशेनं म्हणालो, "मागेल त्याला काम."

"मागताय ना?" त्या म्हणाल्या, आणि लसणाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "हे घ्या. सोला."